फिजेट टॉइज: पोरांचं लक्ष लागतं की होतं तेही जातं?

निशिगंध_ठाणे
नमस्कार मंडळी. लेक तिसरीत आहे, सेमी-इंग्रजी शाळा. अभ्यासात बरा आहे पण हातपाय एका जागी राहत नाहीत. पेन्सिलीचं मागचं टोक चावून भुगा, शर्टाची कॉलर कायम ओली, आणि बेंचवर बोटं वाजवतो म्हणून दर पालकसभेला ऐकून घ्यावं लागतं. माझ्या बहिणीने वाढदिवसाला त्याला फिजेट टॉइजचा, म्हणजे हाताला चाळा म्हणून द्यायच्या खेळण्यांचा, सेट दिला, त्यात पॉप-इट (फुगे पुटुक करून दाबायची रबरी पाटी), स्पिनर (मधल्या बेअरिंगवर गरगर फिरणारी चकती), एक बटणांचा क्यूब आणि अजून कायकाय होतं. त्यातलं पॉप-इट दप्तरातून शाळेत गेलं, बाईंनी जप्त केलं, डायरीत लाल शेरा. बहीण म्हणते, अगं अशा मुलांना यानेच लक्ष लागतं, पाकिटावरच छापलंय बघ. सासूबाई म्हणतात, घरातली खेळणी शाळेत नेली तर बाई रागावणारच. नवरा दोघींनाही हो म्हणतो.
निदान वगैरे काही झालेलं नाही, कोणी सुचवलंही नाही. मला एवढंच कळून घ्यायचंय की यात खरंच काही तथ्य आहे की नुसता धंदा आहे. शिक्षक, डॉक्टर, अनुभवी पालक, सगळ्यांनी लिहा.

बोरकूट
आमच्या वेळी पेनाचं टोपण होतं. टकटक केलं की गुरुजी डस्टर फेकून मारायचे, लक्ष आपोआप लागायचं. (दिवे घ्या)

खडूफळा
निशिगंधताई, मी त्या लाल शेरा मारणाऱ्या जमातीतली, म्हणून आधी आमची बाजू मांडते.
२०१७ च्या जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अख्ख्या वर्गाच्या हातात स्पिनर होते. मे महिन्याच्या सुट्टीत लोकलमध्ये, सिग्नलवर, स्टेशनरीच्या दुकानात सगळीकडे तेच विकायला होतं. मी फळ्याकडे वळले की मागे घरघर सुरू. कोणाचा जास्त वेळ फिरतो याच्या पैजा, माझा निळा तुला तुझा लाइटवाला मला, मधल्या सुट्टीत मारामारी. मग २०२१ नंतर शाळा परत भरल्या तेव्हा पॉप-इट आले. तो पुटुक पुटुक आवाज एका मुलाचा असेल तर चालतो हो, पण एकाने काढलं की पाच जणांच्या दप्तरातून निघतं. आरटीईमध्ये प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलंय, ते कागदावर, माझ्यासमोर त्याच्या दुप्पट बसतात. त्यात कोणाला गरज आहे आणि कोण नुसतं मिरवतंय हे शोधत बसू की पाढे घेऊ? जप्त करणं हाच एक नियम असा आहे जो सगळ्यांना सारखा लागू करता येतो.
तरी पण एक सांगते. बोटं वाजवणारं पोर खोडकरच असतं असं मी मानत नाही. माझ्याकडे असं कोणी असलं की मी त्याला वह्या वाटायला लावते, फळा पुसायला उठवते, बाटल्या भरून आणायला पाठवते. पंधरा-वीस मिनिटं मग बरी जातात.

अर्धवट_इंजिनीअर
पाकिटावर छापलंय हा पुरावा झाला तर केसांच्या तेलाने टक्कल जायला हवं होतं.
हौस म्हणून या विषयावर वाचलंय ते टाकतो. २०१७ मध्येच बालरोगतज्ज्ञांच्या एका नियतकालिकात आढावा आला होता, त्यात स्पिनरने एडीएचडी (लक्ष न टिकणं, सतत चुळबुळ), ऑटिझम, अँग्झायटी यात फायदा होतो या जाहिरातींना संशोधनाचा आधार सापडत नाही असं स्पष्ट म्हटलंय. नंतर फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीच्या ग्रॅझिआनो वगैरे मंडळींनी एडीएचडी असलेल्या ६० लहान मुलांना, साधारण पाचेक वर्षांची, वर्गात स्पिनर देऊन बघितला. सुरुवातीला मुलांची वळवळ कमी झाली पण लक्ष मात्र बिघडलं. म्हणजे बाईंना वाटणार पोरगं शांत बसलंय आणि पोरगं शांतपणे स्पिनर बघतंय. अमेरिकेतच तिसरीच्या मुलांवर गणिताच्या कामात प्रयोग झाला, तिथेही स्पिनरवाल्यांचं काम घसरलं. कॅलिफोर्नियात सांताक्रूझला कॉलेजच्या मुलांना व्हिडिओ लेक्चर दाखवलं, स्पिनर फिरवणाऱ्यांना नंतर कमी आठवलं, आणि ज्यांना स्पिनर चांगला वाटत होता त्यांचंही तेच झालं.
विषय संपला असं मी म्हणेन.

बोरकूट
+१. इंजिनीअर साहेबांनी धाग्याचा बेअरिंग जाम केला.

सई_ओटी
संपला नाही :) मी लहान मुलांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पुण्यात, म्हणजे रोजची कामं, हालचाली नीट जमाव्यात म्हणून मुलांबरोबर काम करते. वरचे सगळे अभ्यास बरोबर दिलेत, पण परत एकदा बघा, प्रत्येक ठिकाणी वस्तू कोणती आहे? स्पिनर.
स्पिनरला एक टिचकी मारली की पुढचं सगळं बेअरिंग करतं. हाताला काम उरतच नाही, काम उरतं ते डोळ्यांना. म्हणजे ज्या मुलाचे हात वळवळतात त्याचे हात रिकामेच राहिले आणि जे डोळे फळ्यावर हवे होते ते हातातल्या चक्रावर खिळले. आम्ही थेरपीत जे देतो ते बरोबर उलटं असतं, हाताला जोर लागला पाहिजे आणि बघावंसं वाटलं नाही पाहिजे. घट्ट स्ट्रेस बॉल, जाड पुट्टी (हाताने दाबत राहायचा मऊ गोळा, भिंतीची नव्हे), टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवलेली वेल्क्रोची खरखरीत पट्टी. ही पट्टी तर हार्डवेअरच्या दुकानात मिळते, कोणाला दिसतही नाही.
आणि दुसरी बाजू. २०१५ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या रॅपोर्ट यांच्या गटाने ८ ते १२ वर्षांच्या मुलग्यांना डोक्यात आकडे-अक्षरं लक्षात ठेवायची कामं दिली आणि त्यांची हालचाल मोजली. एडीएचडीवाली मुलं जास्त हलत होती तेव्हा त्यांचं काम जास्त चांगलं होत होतं. ज्यांना एडीएचडी नाही त्यांचं मात्र हलल्याने बिघडत होतं. त्याच वर्षी यूसी डेव्हिसच्या श्वाइट्झर यांच्या टीमने १० ते १७ वयाच्या मुलांच्या घोट्याला सेन्सर बांधून बघितलं, तिथेही एडीएचडी असलेली मुलं बरोबर उत्तर देताना जास्त जोरात हलत होती. म्हणजे या मुलांची वळवळ पूर्ण बंद करायला गेलात तर कदाचित त्यांचा विचारही त्याबरोबर बंद कराल. पण यातून दुकानातलं खेळणं सिद्ध होत नाही हेही लक्षात घ्या, मोजली होती ती अंगाची हालचाल.

अर्धवट_इंजिनीअर
@सई_ओटी, मान्य, स्पिनर म्हणजे सगळे फिजेट नव्हेत. पण मग तुमच्या पुट्टीवर असा काटेकोर अभ्यास कुठाय? स्ट्रेस बॉलवर २००६ चा सहावीच्या मुलांचा एक आहे, लक्ष विचलित होणं कमी झालं असा, पण तो एका शाळेपुरता. एवढ्यावर लाखो मुलांना वाटायचं का?

सई_ओटी
लाखो मुलांना वाटा असं कुठे म्हटलं मी? माझं म्हणणंच ते आहे की एकेका मुलाला बघून द्यावं, आणि चाललं नाही तर काढून घ्यावं.

रानमेवा
मी आईही नाही आणि डॉक्टरही नाही, पण हा धागा वाचताना आमच्या आजीची आठवण झाली. कीर्तनाला बसली की तिच्या हातात वाती वळणं चालायचं, आणि बुवांनी कोणता अभंग कुठे सोडला ते घरी येऊन आम्हाला सांगायची. जप करताना माळ कायम गोमुखीत. का तर म्हणे माळ दिसू नये. शास्त्र काय असेल ते असो, पण सईताई म्हणतात तेच झालं ना हे, बोटं चालू, डोळे मोकळे. आपल्या पोरांच्या हातात आपण जे देतो ते इंद्रधनुष्याच्या रंगाचं, चमकणारं, वर दिवे लागणारं. गोमुखीच्या बरोब्बर विरुद्ध.

खडूफळा
रानमेवा, क्या बात है. पुढच्या पालकसभेत तुमच्या नावाने खपवणार.

अर्धवट_इंजिनीअर
वातींच्या जवळ जाणारा एक प्रयोग आहे खरा. इंग्लंडमध्ये जॅकी अँड्रेड यांनी २००९ साली ४० जणांना अडीच मिनिटांचा एक अतिशय कंटाळवाणा फोन मेसेज ऐकवला, निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार रंगवत बसायला सांगितलं. रंगवणाऱ्यांना नंतर २९ टक्के जास्त आठवलं. पण ती मोठी माणसं होती, काम फालतू होतं आणि मेसेज मुद्दाम रटाळ होता. भागाकार शिकताना हेच होईल असं नाही.

चिमणीचं_घर
माझी मुलगी नऊ वर्षांची, ऑटिझम आहे. इथे "उपयोगी की धंदा" हा वाद वाचून जरा हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं, कारण आमच्याकडे लक्ष लागणं हा प्रश्नच नाहीये. रिक्षाचा हॉर्न, लग्नातला बँजो, मॉलचे दिवे, यातलं काहीही झालं की ती स्वतःच्या मनगटाला चावायची, रक्त येईपर्यंत. आता गळ्यात सिलिकॉनचं चावायचं पेंडंट असतं आणि खिशात एक खडबडीत रबरी कडं. त्याने ती शिकते का? माहीत नाही. पण बसमधून शाळेपर्यंत जाते, पूर्वी जात नव्हती.
मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पॉप-इटचं फॅड आल्यावर सगळ्यांकडे आलं तेव्हा काही दिवस बरं वाटलं, माझी मुलगी वेगळी दिसत नव्हती. मग शाळेने सरसकट बंदी घातली आणि तिचं कडंही त्यात गेलं. समजावायला डॉक्टरांचं पत्र, अर्ज, दोन मीटिंगा. ज्यांना गंमत म्हणून हवं होतं त्यांची गंमत गेली आणि ती दुसऱ्या दिवशी विसरलीसुद्धा, आणि आमचं काय गेलं ते मी सांगत बसत नाही.
खडूफळा, तुमच्यावर राग नाही, पण "सगळ्यांना सारखा नियम" हा सगळ्यांना सारखा लागत नाही हो.

खडूफळा
चिमणीताई, पटलं. आमच्याकडे पत्र आलं तर मी अडवत नाही, पण खरं सांगायचं तर पत्र आणू शकणारे पालक किती आणि माझ्या वर्गात ज्यांना गरज आहे ते किती, हा हिशोब जुळत नाही. ज्याचे आईवडील दोघंही बारा तास कामावर असतात त्याच्यासाठी सायन हॉस्पिटलच्या एलडी क्लिनिकच्या (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातल्या अडचणी तपासतात तिथल्या) खेपा कोण घालणार?

एडिसनकर
अमेरिकेतून. इथे मुलाला ५०४ प्लॅन आहे, म्हणजे १९७३ च्या कायद्याच्या कलमाखाली शाळेबरोबर लेखी ठरवलेल्या सवलती. त्यात फिजेट लिहून दिलाय, पण सोबत अटी पण लिहिल्यात: हात डेस्कखाली, आवाज नको, बघायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, नियम मोडला तर त्या तासापुरता बाईंच्या टेबलावर. गंमत म्हणजे २०१७ मध्ये इथल्या कितीतरी शाळांनी स्पिनर बंद केले होते, तेव्हाही लेखी सवलत असलेल्या मुलांचे फिजेट चालू राहिले. भारतात असं लेखी काही असतं का?

सई_ओटी
२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यात ऑटिझम आहे, लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. म्हणून नुसतं एडीएचडी असलेल्या मुलाचं सगळं शाळेच्या मर्जीवर. परीक्षेतला जादा वेळ वगैरे सवलतींबद्दल पालकांना हल्ली माहीत असतं, पण रोजच्या वर्गात हातात काय चालेल यावर कोणी लिहून देत नाही, तोंडी विनवण्या करायच्या.

पेठेतला_वाणी
खेळण्यांचं दुकान आहे आमचं त्यामुळे धंदा म्हणणाऱ्यांनो माफ करा, पण थोडी माहिती देतो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय मार्क बंधनकारक आहे. सिग्नलवरच्या मालावर तो नसतो, ऑनलाइन मागवलेल्या बिनब्रँड सेटवरही बरेचदा नसतो. निशिगंधताई, तुमचा सेट तपासून बघा.
स्पिनर लाइटवाला असेल तर त्यात बटण सेल असतात. झाकण स्क्रूने बसवलेलं नसेल तर सरळ कचऱ्यात. असा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, मोठं लिथियमचं असेल तर जास्तच. आणि त्या चकचकीत मॅग्नेटच्या बारीक गोळ्या, त्याही फिजेट म्हणून विकतात, त्या लहान पोर असलेल्या घरात नकोच. दोन गिळल्या तर आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकींना चिकटतात, मधलं आतडं चिमटीत येतं, ऑपरेशनची वेळ येते. मी विकायला ठेवत नाही.
बाकी खप म्हणाल तर स्पिनर २०१७ ला जून-जुलैत हातोहात गेला आणि दिवाळीपर्यंत कोणी विचारेना. अजून एक पेटी माळ्यावर आहे, कोणाला हवी का.

बोरकूट
पेटी नको, पण तो स्पिनर काढला कोणी हे सांगा. बाई होत्या ना कोणीतरी, पेटंटची फी भरली नाही म्हणून करोडो रुपये गेले?

अर्धवट_इंजिनीअर
कॅथरीन हेटिंगर. ४०० डॉलर नूतनीकरण फी भरायला नव्हती म्हणून २००५ ला पेटंट गेलं, एवढं खरं. पण त्यांची वस्तू वेगळीच होती, बोटावर फिरवायची घुमटासारखी चकती, हा बेअरिंगवाला स्पिनर त्या पेटंटमध्ये बसलाच नसता. बातमी गोड होती म्हणून फिरली. पॉप-इटची गोष्ट जास्त भारी आहे, इस्रायलच्या थिओ आणि ओरा कॉस्टर जोडप्याने ती १९७५ च्या सुमारास काढली, तेव्हा कोणी घेतली नाही. थिओ कॉस्टर अ‍ॅन फ्रँकचा वर्गमित्र. नंतर कित्येक वर्षांनी एका पाळीव माकडिणीचा ते खेळतानाचा व्हिडिओ गाजला आणि जगभर खप झाला. म्हणजे एडीएचडीसाठी वगैरे कोणी बनवलेलं नव्हतं, तो दोन जणांनी खेळायचा खेळ होता.

रात्रपाळी
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं या धाग्यासाठी. मला एडीएचडीचं निदान तिशी उलटल्यावर झालं. शाळेत मी "हात बांध, तोंडावर बोट" या शिक्षेत अर्धं आयुष्य काढलंय. हात बांधून बसलो की माझं सगळं डोकं हात बांधलेले ठेवण्यात खर्च व्हायचं, बाई काय शिकवतायत ते शून्य. अजूनही ऑफिसच्या कॉलवर मी खिशातल्या किल्ल्यांशी खेळतो, कॅमेऱ्यात दिसत नाही. माझ्याकडे महागडा फिजेट क्यूबपण आहे, २०१६ ला किकस्टार्टरवर (नव्या वस्तूसाठी लोकांकडून आगाऊ पैसे जमवायची साइट) त्याला साठ लाख डॉलरच्या वर पैसे जमले तेव्हा मीही भुललो होतो. तो ड्रॉवरमध्ये पडलाय. कारण त्याला सहा बाजू आहेत आणि आता कोणती बाजू दाबू यातच माझी मीटिंग संपते. नवीन वस्तू मला नेहमीच खेळणं वाटते, जुनी झाली, कंटाळा आला की मग ती कामाची होते.
सईताई, हे इतरांचंही असतं का?

सई_ओटी
अगदी. म्हणूनच आम्ही पहिले काही दिवस घरीच, गोष्ट ऐकताना वगैरे वापरायला देतो, नवलाई ओसरली की मग शाळेत. आणि सेट कधीच नाही. एका वेळी एक.

निशिगंध_ठाणे
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. तर सेटवर आयएसआय मार्क नाहीये (वाणीकाका, घाबरले मी), स्पिनर लाइटवाला निघाला, तो बाद. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.
आता माझा मूळ प्रश्न थोडा बदलतोय. तो घरी अभ्यासाला बसला की पॉप-इट घेऊन पाढे म्हणतो, एक फुगा एक पाढा असं, आणि ते चांगलं चालतं. शाळेत मात्र बाई म्हणतात शेजारच्याला दाखवत होता. मग घरी चालू आणि शाळेत बंद असं करू का? आणि एडीएचडीची तपासणी करून घेऊ का?

सई_ओटी
पाढ्यांसाठी पॉप-इट मस्त, पण तिथे तो फिजेट नाहीये, मणी मोजायची पाटी आहे ती. शाळेत बंदच ठेवा, तिथे तो दाखवायची वस्तू आहे. कॉलर चावतो म्हणताय तर तोंडाला काम द्या: डब्यात काकडी, गाजर, भाजलेले चणे, आणि स्ट्रॉची बाटली. संध्याकाळी अंग दमेल असं काहीतरी, सायकल, लंगडी, पोळ्यांची कणीक तिंबायला लावा. बेंचवर बसताना हातापेक्षा पायाची वळवळ जास्त असेल तर सायकलची जुनी ट्यूब बेंचच्या पुढच्या दोन पायांना ताणून बांधतात, मूल पायाने ती दाबत राहतं. आवाज शून्य, दिसत नाही, खर्च नाही.
तपासणीचं म्हणाल तर मी इथे बसून हो-नाही म्हणणार नाही. एडीएचडी म्हणायला लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून, निदान सहा महिने, आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, नुसतं शाळेत किंवा नुसतं घरी नाही. आणि त्याने मुलाचं काही अडत असायला हवं. तुम्ही म्हणता अभ्यासात बरा आहे, मित्र आहेत का? गृहपाठ पुरा होतो का? शंका वाटली तर डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) एकदा जाऊन या.

निशिगंध_ठाणे
मित्र पुष्कळ, गृहपाठ रडतखडत पण होतो.

खडूफळा
सईताई, ती ट्यूबची आयडिया चोरली. एक शंका, आमचे बेंच जोडबेंच आहेत, दोघांचा मिळून एक. एकाने ट्यूब दाबली की दुसऱ्याचं अक्षर हलणार नाही का?

सई_ओटी
हलेल की. जोडबेंचला पायांना न बांधता खालच्या आडव्या दांडीला त्याच्या बाजूलाच गुंडाळी करून बांधा, ताण कमी राहतो. आणि शेजारी असा कोणी बसवा ज्याला फरक पडत नाही.

बोरकूट
म्हणजे माझ्यासारखा. मी शाळाभर झोपूनच होतो.